मध्यंतरानंतरची हडळ

लातूर, १२ जून २०२५

लातूर-नांदेडच्या सिनेमावेड्या मित्रांनो,

आपलं दुखणं एकच आहे, आणि ते आपण वर्षानुवर्षे पानटपरीवर थुंकून मोकळे होतो. पडद्यावर आपली भाषा आली की थिएटर हसतं. आपला माणूस आला की तो नोकर असतो, नाहीतर हवालदार. पुण्या-मुंबईचे लोक आपल्याला असं दाखवतात म्हणून आपण चिडतो. पण आपल्यातल्याच एकाने आपल्याला नीट दाखवलं तेव्हा आपण काय केलं? त्याच्या सिनेमावर खुर्च्या फेकल्या!

मुदखेडच्या नागसेनने केलेली ‘पांढरीची हडळ’ तुम्हा सगळ्यांना आठवते. उलट्या पायांची, चिंचेवर बसणारी. तिच्या पोस्टरला लिंबं वाहिली होती लोकांनी. मग आठ वर्षांपूर्वी त्याच नागसेनने दुसरा भाग काढला, ‘दुसरी खेप’. तो दोन दिवसांत उतरला. कारण काय, तर म्हणे त्यात शेवटापर्यंत हडळच दिसत नाही. नुसती दारावर थाप पडते आणि एकेक घर आतून कडी लावतं. शिट्ट्यांच्या भुकेने आलेल्या गर्दीला ती थाप कशी ऐकू जाणार?

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने मला हा सिनेमा पेन ड्राइव्हवर आणून दिला. मी तो चार वेळा पाहिला. अवघ्या सव्वा तासाचा, एक चौकट वाया नाही. आणि शेवट! सगळ्या गावाने दार लावलेली ती हडळ वस्तीतल्या एका घरात शिरते, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली जाऊन बसते, आणि चित्र थांबतं. गावाने हाकललेलं भूत गावाने हाकललेल्या माणसांच्या घरात! असा धाडसी शेवट मराठीत दुसरा नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सिद्ध करायला तयार आहे.

ऑगस्टमध्ये लातुरात मी हा सिनेमा दाखवणार. चांगली प्रत हवी. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कळवा.

तुमचा,
प्रा. दयानंद, मूळ गाव मुरुड

ता. क. महामाया, हे पत्र तुलाही पाठवतो आहे. तू माझी वादविवादातली सगळ्यात तिखट विद्यार्थिनी, आणि नागसेनची बहीण. प्रत तुझ्याकडे असणार. आणि नागसेन हल्ली आहे कुठे?

*

विष्णुपुरी, नांदेड, २१ जून

आदरणीय सर,
जय भीम.

तुमचं पत्र कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्या कामाच्या टेबलावर वाचलं. दोनदा वाचलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिले. हसू की रडू ते कळेना.

सर, तो शेवट नाही. ते मध्यंतर आहे.

तुमच्या विद्यार्थ्याने दिलेली प्रत मुदखेडच्या थिएटरात कुणीतरी मोबाईलवर चोरून घेतलेली आहे. ती सव्वा तासाची आहे, कारण सव्वा तासानंतर तिथं खुर्च्या मोडायला लागल्या आणि पडद्यावर ‘मध्यंतर’ यायच्या आत मोबाईलवाला पळाला. सिनेमा अडीच तासांचा आहे. थिएटरवाल्याने घाबरून त्याच दिवशी संध्याकाळपासून पुन्हा पहिला भाग लावला. बाकीच्या गावांनी मुदखेडचं ऐकून तो लावायच्या आधीच परत पाठवला. मध्यंतरानंतरचा सिनेमा मराठवाड्यात माझ्याखेरीज कुणीही पाहिलेला नाही. तुम्हीसुद्धा नाही.

दुसरं. खुर्च्या शिट्ट्यांच्या भुकेने आलेल्या गर्दीने मोडल्या नाहीत. आमच्या वस्तीतल्या लोकांनी मोडल्या. माझ्या चुलत्याने, आनंदराजकाकांनी पहिली. नागसेनचा सिनेमा म्हणून वस्ती नवे कपडे घालून, ढोल वाजवत थिएटरात गेली होती. आणि पडद्यावर पाहते तर गावभर हिंडलेली हडळ कुठं येऊन बसली? आमच्या घरात. फोटोखाली. देव सोडले, भुतं सोडली, पोरांना अंधारात एकटं पाठवून शहाणं केलं, आणि आपल्याच पोराने हडळीला पत्ता दिला तो आपल्या घराचा. काका ओरडले, “गावातली सगळी घाण आमच्याच दारात का रे?”

तुम्ही त्याच दृश्याची तारीफ केली आहे. हाकललेलं भूत हाकललेल्यांच्या घरात, म्हणालात. काकांना जे वाटलं तेच तुम्हाला दिसलं. त्यांनी खुर्ची मोडली, तुम्ही टाळी वाजवली, एवढाच फरक. आणि ते रागावले याचं मला आश्चर्य नाही. तुम्हाला राग का आला नाही, याचं आहे.

पुढं काय झालं तेही सांगते. नागसेनला वस्तीच्या सभागृहात उभं केलं. त्याने हात जोडून माफी मागितली. “उरलेला सिनेमा तरी बघा,” एवढं एकदा म्हणाला, कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून तो मुदखेडला आलेला नाही. सणाला नाही, लग्नाला नाही, वडील गेले तेव्हा परस्पर घाटावर आला आणि तिथूनच परत फिरला.

सिनेमातल्या त्या घरातली म्हातारी आमच्या आईने केली आहे. सरजाबाई, वय तेव्हा साठीचं. आयुष्यात कधी तोंडाला पावडर लावली नव्हती तिने. तिचं सगळं काम मध्यंतरानंतर आहे. तिने स्वतःला पडद्यावर कधी पाहिलेलं नाही; त्या दिवसानंतर आमच्या घरात त्या सिनेमाचं नावच निघत नाही. बायका मात्र तिला नळावर अजून ‘हडळीची माय’ म्हणतात. आधी चिडून म्हणायच्या, आता सवयीने.

प्रत माझ्याकडे आहे. देणार नाही. राग मानू नका.

नागसेन तुमच्याच शहरात आहे. एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्सच्या सरांचे व्हिडिओ काढतो.

महामाया

*

लातूर, ३० जून

चि. महामाया,

आठवडाभर कुणाशी बोललो नाही. माझ्यासारख्या माणसासाठी हे उपोषणच.

चूक झाली हे मान्य. चोरलेला अर्धा सिनेमा पाहून मी पुऱ्या मराठवाड्याला धडे दिले. माझं ते पत्र शेकडो लोकांकडे गेलं आहे आणि त्यातले निम्मे मला फोन करून ‘काय तो शेवट, सर!’ म्हणतात. त्यांनी तर काहीच पाहिलेलं नाही.

पण तू म्हणतेस प्रत देणार नाही. का? तू नागसेनची बहीण की आनंदराजकाकांची वकील? लोकांनी अर्धं पाहून निकाल दिला, म्हणून उरलेलं अर्धं कपाटात ठेवायचं? मग निकाल कायम झाला की! मी तुला हेच शिकवलं का?

नागसेनला भेटलो. क्लासच्या तळघरात एक खोली आहे, हिरवा पडदा लावलेली. फिजिक्सचे सर घर्षण शिकवत होते. तो कॅमेऱ्यामागून म्हणाला, “सर, जरा डावीकडं. तुमची सावली फळ्यावर पडून राहिली.” मला ओळखल्यावर चहा मागवला. मी भाषणाच्या तयारीने गेलो होतो, त्याने बोलू दिलं नाही.

“सर, झालं ते झालं. पोरं ‘नीट’ परीक्षेची तयारी करून राहिलीत, त्यांच्या कामाचं काहीतरी करतोय मी.”

“सिनेमा दाखवू या, नागसेन.”

“कुठं?”

“इथं, लातुरात.”

“इथं दाखवून काय करू? मुदखेडनं पाहिला तर पाहिला म्हणायचं. आणि तिथं मी माफी मागितलीय. आता तोच सिनेमा तिथं लावायचा म्हणजे माफी परत घ्यायची. आईला तिथं राहायचं असतं, सर. मला न्हाई.”

उरलेल्या अर्ध्यात काय आहे, विचारलं. “आईला विचारा,” म्हणाला आणि कॅमेरा चालू केला.

माझ्याकडे एक तोड आहे. मध्यंतर काढून टाकू. फोटोखाली बसलेल्या हडळीवर चित्र थांबूच द्यायचं नाही, सिनेमा सलग चालवायचा. लोकांना उठायला जागाच ठेवायची नाही. आधी मी अर्धा तास बोलेन, लोकांची मनं तयार करेन. लातुरात यशस्वी झालं की मुदखेडचं बघू.

उत्तर दे.

दयानंद

*

विष्णुपुरी, ९ जुलै

आदरणीय सर,
जय भीम.

वकील म्हणालात ते बरं केलंत. वकील म्हणूनच उत्तर देते.

लातुरात नाही. लातूरचे लोक टाळ्या वाजवतील, तुमच्याशी हात मिळवतील, आणि घरी जाऊन म्हणतील, बघा मुदखेडच्या वस्तीतले लोक किती अडाणी, एवढा चांगला सिनेमा मोडला. माझ्या माणसांच्या पाठीमागं त्यांना नावं ठेवायला मी प्रत देऊ? दाखवायचा तर आधी त्यांना.

ते ‘तर’ मी इतकी वर्षं उच्चारलं नव्हतं. तुम्ही उचकवलंत. मागच्या रविवारी मुदखेडला गेले. आनंदराजकाका सभागृहाच्या पायरीवर बसले होते. मंडळाचे अध्यक्ष आता तेच आहेत. मी विषय काढला तर म्हणाले, “मेलेलं मढं कामून उकरून राहिलीस?”

“काका, तुम्ही अर्धाच पाहिलाय.”

“अर्ध्यातच पोट भरलं.”

तेवढ्यात आई आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. नळावर कुणीतरी सांगितलं असणार. डोक्यावरचा हंडा तिथंच पायरीवर ठेवला.

“आनंदराज, म्या त्या पिच्चरात काय म्हणलेय ते तुला ठावं हाय का?”

“न्हाई, वहिनी.”

“मलाबी आठवंना. लई दिवस झाले. पण फोटोच्या खाली बसून म्या वाईट बोलंन का? सांग की.”

काकांनी हंडा कडेला सरकवला.

“लोकं मला हडळीची माय म्हणून राहिलेत. बरं. पण म्या तिला लेक म्हणले का दुश्मन म्हणले, हे तर बघू दे मला. का मी मेल्यावर दावणार?”

काका म्हणाले, “वहिनी, लोकं पुन्हा उठतील.”

“उठू दे. तू उठू नको म्हंजी झालं.”

सर, मी तुमच्या हाताखाली बक्षिसं मिळवली, पण असा युक्तिवाद मला जमला नसता. काकांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. हंडा उचलून आईच्या डोक्यावर दिला आणि म्हणाले, “रविवारी दुपारी बाया मोकळ्या असतात.”

तर २० जुलै, दुपारी, वस्तीच्या सभागृहात. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार करू. प्रोजेक्टर तुम्ही आणा.

दोन गोष्टी. मध्यंतर काढायचं नाही. नागसेनने जिथं ठेवलंय तिथंच राहील. लोकांना उठायला जागा नाही ठेवली तर ते बसले असं कसं म्हणायचं? अन् तुम्ही बोलायचं नाही. आधी नाही, मध्ये नाही, नंतर नाही. तुम्ही बोललात की लोक तुमचं ऐकतील, सिनेमाचं नाही. आणि स्पष्टच लिहिते, मुरुडच्या, गावकुसाच्या आतल्या शेतकरी घरातल्या माणसाने आमच्या सभागृहात उभं राहून आमची मनं तयार करायची, हे मला बघवणार नाही.

नागसेनला आणाल का? ते एक माझ्याच्याने होत नाही. माझे फोन तो उचलतो, सगळ्यांची विचारपूस करतो, आणि मुदखेडचं नाव निघालं की रेंज जाते त्याची.

महामाया

*

लातूर, १६ जुलै

महामाया,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला दोन दिवस झोंबलं. कुठलं ते तुला माहीत आहे. चिडून उत्तर लिहिलं होतं, फाडलं. प्रोजेक्टर आणतो. बोलणार नाही.

नागसेन येणार नाही. चार वेळा गेलो. शेवटी म्हणाला, “तुम्ही बघा, सर. अर्ध्यात लोक उठले तर मला कळवू नका.”

“आणि नाही उठले तर?”

फळा पुसत राहिला.

दयानंद

*

मुदखेड, २१ जुलै

चि. नागसेन,

तुझ्या आईच्या घरात बसून लिहितो आहे. काल रात्री परत निघणार होतो, तिने जाऊ दिलं नाही. फोन केला तर तू ठेवून देशील. पत्र निदान फाडायच्या आधी वाचावं लागतं.

तू म्हणालास, उठले तर कळवू नका. उठले. तेही सांगणार आहे.

सभागृह भरलं होतं. बाया पुढे, माणसं मागे, पोरं जागा मिळेल तिथं. सतरंज्यांच्या फटीतून उजेड येत होता, उकाडा मरणाचा. पहिला तास लोक कुजबुजत होते. प्रत्येक थापेला कुणीतरी म्हणायचं, “आता पाटलाच्या दारात,” “आता दुकानदाराच्या.” त्यांना सगळं पाठ होतं रे. इतक्या वर्षांत विसरले नव्हते. मग ती बाई वस्तीतल्या त्या घरात शिरली, फोटोखाली बसली, आणि पडद्यावर ‘मध्यंतर’ आलं.

महामायाने दिवे लावले. मागची काही तरुण पोरं उठली आणि बाहेर गेली. त्यांच्यामागे आणखी काही. मी उठलोच होतो, तोंडात वाक्य तयार होतं, चांगलं वाक्य होतं. तुझ्या बहिणीने माझा शर्ट मागून धरून मला खाली बसवलं. मग आनंदराजकाका उठले. सगळं सभागृह त्यांच्याकडे पाहायला लागलं. ते दारापर्यंत गेले.

सरजाबाई पहिल्या रांगेतून मान न वळवता म्हणाल्या, “कुठं चाललास? आता माझं काम हाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. काका म्हणाले, “चहा सांगाया चाललोय, वहिनी.” आणि खरंच चहा सांगून परत आले. बाहेर गेलेली पोरं चहाच्या मागोमाग आत आली. सगळी नाही. बरीचशी.

आणि मग मी तो सिनेमा पाहिला, जो पाहिल्याचं मी सगळ्या जिल्ह्याला सांगत फिरलो होतो.

तुझ्या सिनेमातली म्हातारी घाबरत नाही. चुलीतलं जळतं लाकूड घेते, त्या बाईच्या पायाशी धरते, निरखून बघते आणि म्हणते, “पाय तर सरळ हायत की गं तुझे.” बस. गावातल्या एकाही घराने कडी लावायच्या आधी खाली पाहिलं नव्हतं. बाळंतपणात मेली म्हणून ज्या बाईला अर्धवट पुरून आले, ती जिवंत होती. पाणी मागत दारोदार हिंडत होती. हे ज्या एका घराला कळलं ते भुतं न मानणाऱ्यांचं घर होतं. नागसेन, लोकांनी ज्या दृश्यावर खुर्च्या मोडल्या त्याच्या पुढच्याच मिनिटाला तू त्यांना गावातली सगळ्यात शहाणी माणसं ठरवलं होतंस.

आणि मी काय लिहिलं होतं? हाकललेलं भूत! तिथं भूत नव्हतंच. मलाही पाय बघायचं सुचलं नाही.

त्यानंतर म्हातारी तिचा हात धरून परत गावात जाते, दारं वाजवते, ओरडते, “अरं बाई हाय ही! जित्ती बाई हाय!” आणि एकही दार उघडत नाही. आता भुताची भीती नाही, जित्या बाईला पुरलं हे उघडं पडायची आहे. मी इतकी भुताटकी पाहिली, इतका कधी घाबरलो नाही. त्या दारांचे कोयंडे, ती पितळी फुलं, मुरुडच्या आमच्या दाराला अशीच आहेत. माझ्या पुढे बसलेली एक बाई पडद्यावर ओरडली, “उघडा की मुर्दाडांनो!” आणि सगळ्या बाया ओरडायला लागल्या. पंधरा मिनिटं संवाद ऐकू आले नाहीत. तुझं ध्वनिमुद्रण वाया गेलं, माफ कर.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आनंदराजकाकांनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हंजी त्यानं आपलीच बाजू मांडली व्हती.”

तुझी आई म्हणाली, “हाव. आन तुम्ही खुर्च्या मोडल्या.”

“वहिनी, तेव्हाच का न्हाई सांगितलंस?”

“मला काय ठावं? म्या बघितला व्हता का? तो सांगून राहिला व्हता, पुढं बघा म्हणून. ऐकलं का कुणी?”

काका उठले, सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता भाषण. ते म्हणाले, “त्या पोराला हितंच, ह्याच फरशीवर उभं केलं व्हतं मी. आता मला उभं राहायचंय. पण कुणाच्या म्होरं राहू? पोरगंच न्हाई.” आणि बसले. एवढंच. मी चाळीस वर्षं व्यासपीठावर बोललो, माझ्या एकाही भाषणानंतर असं सभागृह गप्प झालं नाही.

तू म्हणालास, सिनेमा लावायचा म्हणजे माफी परत घ्यायची. बरोबर बोललास. ती माफी तुझी नव्हतीच. ज्यांची होती ते ती द्यायला बसले आहेत, आणि तू तळघरात हिरव्या पडद्यासमोर घर्षणाचे व्हिडिओ काढतो आहेस. तू भित्रा आहेस असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसांनी दार उघडलं आहे त्यांना पुढच्या आठवड्यात, पुढच्या सणाला असं म्हणत ताटकळत ठेवू नकोस. तुझ्याच सिनेमात काय होतं ते तुला माहीत आहे.

तुझ्या आईचं समाधान झालेलं नाही, हेही ऐक. रात्री जेवताना म्हणाली, “लाकूड धरताना माझा पदर लई खाली आला व्हता. त्यानं सांगितलं का न्हाई मला? डायरेक्टर व्हता ना?” मी म्हटलं, त्यालाच विचारा. म्हणाली, “विचारते की. येऊ तर दे.”

म्हणून हे सांगतो, नागसेन, आणि यापुढे एक शब्द वाढवत नाही. पत्र वाचून झालं की क्लासच्या सरांना सांग की उद्या कॅमेरा दुसरं कुणीतरी धरेल, आणि मिळेल त्या गाडीने मुदखेडला ये.

दयानंद